टँकरचं पाणी घ्या, सही मात्र देऊ नका

प्रश्न : नमस्कार वकीलताई,

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. घराला लागून आमचं लहानसं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे आणि सासऱ्यांनी खोदलेली विहीर. गावाच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, औद्योगिक वसाहत आहे. गेल्या वर्षी श्रावणात पहिल्यांदा विहिरीच्या पाण्याला उग्र वास आला, घागर भरताना फेस दिसला. पाऊस सरला तसा वास कमी झाला, म्हणून आम्ही गप्प बसलो. यंदा जुलैपासून पुन्हा तेच सुरू झालं, आणि आता शेजारच्या दोन घरांच्या विहिरींनाही. सुपारी गळते आहे ती वेगळीच. पंचायतीने प्रदूषण मंडळाला पत्र पाठवलं. मंडळाचा माणूस दुपारी आला आणि आमच्या विहिरीचं एक बाटलीभर पाणी घेऊन गेला. पुढे पंचाकडून तोंडी कळलं की ‘सगळं मर्यादेत आहे’. आता कारखान्याचे मॅनेजर घरी येऊन गेले. रोज टँकर पाठवतो म्हणाले, पण ‘आमची कारखान्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही’ असं स्टँपपेपरवर तिन्ही घरांनी लिहून द्यायचं. आमचे हे म्हणतात, करून टाक सही, पाणी तरी मिळेल. धाकट्या दिरांचा मुलगा त्याच कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याची नोकरी जाईल म्हणून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. सही करावी का? नाही केली तर पुढे काय करायचं? आणि असल्या लोकांना तुरुंगात घालायचा कायदा आपल्याकडे नाही का?

— एक बागायतदारीण

उत्तर :

ताई, सही करू नका. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण मॅनेजर उद्या पुन्हा दारात उभे राहतील आणि तोवर माझं उत्तर शेवटपर्यंत वाचायला तुम्हाला उसंत मिळेलच असं नाही. टँकर मात्र अवश्य घ्या. पाणी घेण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि ते घेतल्याने तुमची तक्रार मागे पडत नाही. पोचपावती मागितली तर एवढंच लिहून द्या : ‘आज अमुक तारखेला इतके लिटर पाणी मिळाले. विहिरीच्या पाण्याबाबतची आमची तक्रार कायम आहे.’ खाली सही, आणि त्या कागदाचा फोटो तुमच्या फोनमध्ये. मॅनेजरनी आणलेल्या स्टँपपेपरच्या मसुद्याचाही फोटो काढून ठेवा, किंवा ‘घरात वाचून बघतो’ म्हणून प्रत मागून घ्या. ती पुढे कामाला येईल.

विहिरीचं पाणी आजपासून पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद, गुरांनाही बंद. ‘उकळून घेतो’ म्हणू नका. उकळल्याने जंतू मरतात. क्षार आणि धातू जागच्या जागी राहतात, उलट पाणी आटल्यावर अधिक दाट होतात. ओपाच्या सरकारी पाणीपुरवठ्याच्या नळाला जेवढं पाणी येतं तेवढं पिण्यासाठी राखा. टँकर कुठून भरला हे ड्रायव्हरला विचारा. तोही अशाच एखाद्या विहिरीवरून भरून आलेला असेल तर ते पाणी धुण्याभांड्यांपुरतंच. अंगाला खाज, पोटाची तक्रार असं काही असलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन केसपेपर काढा आणि विहिरीचं सांगून त्यात नोंद करायला लावा. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली विहिरीची पाहणी करता येते. त्यांनाही अर्ज द्या.

आता त्या स्टँपपेपरचं. १९७४ चा पाणी प्रदूषण कायदा कलम २४ मध्ये सांगतो की विषारी किंवा प्रदूषित करणारं द्रव्य कुणीही जाणूनबुजून प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ द्यायचं नाही. ‘प्रवाह’ या शब्दात जमिनीखालचं पाणीसुद्धा येतं, ते कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. कारखान्याला सांडपाणी कुठे, किती आणि कशा प्रतीचं सोडता येईल हे मंडळ कलम २५ खाली संमतीपत्र देऊन ठरवतं. तो अधिकार मंडळाचा आहे, शेजाऱ्यांचा नाही. तुम्ही तिघांनी सह्या दिल्या म्हणून कारखान्याला एक थेंबही जास्त सोडायची परवानगी मिळत नाही. मग त्यांना हा कागद कशाला हवा? उद्या मंडळासमोर किंवा पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर ठेवायला : बघा, ज्यांच्या विहिरी आहेत तेच म्हणतात तक्रार नाही. टँकर चार महिन्यांनी बंद होऊ शकतो, कारण तो चालू राहील असं त्या कागदात नसतं. तुमची सही मात्र कायमची राहते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे वास पावसात येतो आणि पाऊस सरला की कमी होतो. गोव्यातल्या बऱ्याच औद्योगिक वसाहती सड्यावर आहेत, कारण ती जमीन पिकाऊ नाही असं धरलं गेलं. पण सडा म्हणजे जांभा. घराच्या चिऱ्याचा एखादा तुकडा हातात घेऊन बघा, सगळा भोकाभोकांचा असतो. पडलेला पाऊस त्यातून झिरपतो आणि पायथ्याला झर होऊन, विहिरीत उमळे होऊन बाहेर येतो. आपली कुळागरं सड्याच्या पायथ्याला वसली ती याच पाण्यावर. तेव्हा वर उघड्यावर टाकलेला गाळ, फुटलेली टाकी किंवा शोषखड्ड्यात सोडलेलं सांडपाणी पहिल्या मोठ्या पावसाबरोबर खाली उतरतं.

दुसरी शक्यताही सांगून ठेवते. सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, ज्याला सगळे ईटीपी म्हणतात, तो चालवायला वीज लागते, चुना-तुरटीसारखी रसायनं लागतात, माणूस लागतो. तो बंद ठेवला की तेवढे पैसे वाचतात, आणि धो-धो पावसाच्या रात्री व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडलेलं पाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं. तुमच्या वरचा कारखाना असंच करतो असं मी म्हणत नाही. ते तपासायचं आहे, आणि कसं तपासायचं ते कायद्यात आहे.

फोंडा तालुक्याला हे नवीन नाही. नव्वदच्या दशकात केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता, तेव्हा सड्यावर कारखाना झाला तर खालच्या झऱ्यांचं काय, हा प्रश्न गावोगावच्या लोकांनी धरून ठेवला. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला. त्यानंतर तो प्रकल्प गोव्यातून निघाला आणि तामिळनाडूत उभा राहिला. तुमच्या मिस्टरांना हे आठवत असेल. तो लढा कारखाना यायच्या आधीचा होता. तुमच्यासमोर चालू कारखाना आहे, घरातला मुलगा तिथे कामाला आहे, म्हणून तुमची वाट वेगळी आहे. ती कागदांची आहे आणि सावकाश चालायची आहे.

‘सगळं मर्यादेत आहे’ हे तोंडी उत्तर घेऊन बसू नका. मर्यादा कुठली? पिण्याच्या पाण्याची मानकं आयएस १०५०० या भारतीय मानकात आहेत. कारखान्याने नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची मानकं पर्यावरण संरक्षण नियमांत आहेत, आणि ती साहजिकच पुष्कळ सैल आहेत. पिण्याच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ६.५ ते ८.५ असावा लागतो, सांडपाण्याला ५.५ ते ९ चालतो. सांडपाण्यात सीओडी (रसायनांनी घाण जिरवायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत आणि तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. असल्या पाण्याचा घोट कुणी घेईल का? तुमच्या विहिरीचा नमुना यांपैकी कुठल्या फूटपट्टीने मोजला हे अहवाल हातात आल्याशिवाय कळणार नाही. शिवाय प्रयोगशाळा जे शोधायला सांगाल तेच शोधते. बाटली फक्त सामू, क्षार आणि जंतूंसाठी तपासली असेल, तर कारखान्यातला विद्रावक किंवा धातू त्यात असूनही अहवालात दिसणार नाही.

म्हणून पहिलं काम मंडळाचं दफ्तर बघणं. फार थोड्या लोकांना माहीत असतं की १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम २५ च्या पोटकलम ६ प्रमाणे मंडळाने संमतीपत्रांतल्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि ज्याला त्या सांडपाण्याची झळ बसते अशा माणसाला ती कामाच्या वेळेत बघायचा हक्क आहे. माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा लागत नाही. मंडळाचं कार्यालय साळगावला आहे. शेजारच्या दोन घरांतलं एकेक माणूस बरोबर घेऊन जा आणि लेखी मागणी करा. ‘साहेब नाहीत’ असं उत्तर मिळालं तर आवक शिक्का मारलेली प्रत घेऊन परत या. ती प्रतही पुरावाच आहे.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही देऊन टाका. उत्तराला ३० दिवस असतात, आलं नाही तर पहिलं अपील करायचं. मागायचं काय? कारखान्याच्या संमतीपत्राची प्रत. गेल्या तीन वर्षांतले मंडळाचे पाहणी अहवाल. तुमच्या विहिरीच्या नमुन्याचा अहवाल, आणि कारखान्याच्या सांडपाण्याच्या नमुन्यांचे सगळे अहवाल. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कारखान्याने मंडळाला द्यायचं असतं ते पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५. आणि ईटीपीच्या गाळाचं काय केलं त्याची कागदपत्रं.

हा शेवटचा कागद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ईटीपी खरंच चालत असेल तर त्यातून गाळ निघणारच. रासायनिक सांडपाण्याचा गाळ बहुधा घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात साठवता येत नाही आणि अधिकृत ठिकाणीच पाठवावा लागतो. प्रत्येक खेपेला फॉर्म १० नावाचं चलन भरावं लागतं : किती वजन, कुठल्या ट्रकने, कुठे. आता संमतीपत्रात रोजचं सांडपाणी अमुक इतके किलोलिटर लिहिलेलं आहे आणि वर्षभरात गाळाचं चलन एखाददुसरंच आहे असं निघालं, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर ईटीपी चालत नाही, नाहीतर गाळ सड्यावरच कुठेतरी पडलेला आहे. कारखान्याच्या गेटवर जाऊन कितीही आरडाओरडा केला तरी हे कळायचं नाही. कागद शेजारी शेजारी ठेवले की कळतं.

संमतीपत्र हाती आलं की कच्चा माल कुठला आणि सांडपाण्यात काय असणार ते समजेल. मग स्वतःच्या खर्चाने पाणी तपासून घ्या, तिन्ही घरांनी वाटून. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेलीच प्रयोगशाळा बघा आणि नमुना घ्यायला त्यांचाच माणूस बोलवा. जागा, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचं नाव अहवालात आलं पाहिजे, नाहीतर ‘बाटलीत काय घातलं कुणास ठाऊक’ असं म्हणायला समोरचा मोकळा. सड्याच्या दुसऱ्या अंगाला, कारखान्याचं पाणी उतरायचा संभव नाही अशा एखाद्या विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी घ्या. हे विसरू नका. जांभ्यातलं पाणी मुळातच थोडं आम्लधर्मी असतं आणि त्यात लोह असतं. कारखान्याचा वकील म्हणणार, हे तर निसर्गाचंच. दुसऱ्या विहिरीत लोह आहे पण फेस नाही, वास नाही, ते रसायन नाही, असं शेजारी शेजारी दिसलं की त्याचं म्हणणं तिथेच पडतं. जंतूंचीही तपासणी करा. घराच्या शौचालयाची टाकी विहिरीजवळ असेल तर तो दोष आधी आपल्याला कळलेला बरा.

सुपारीचंही तसंच. पावसाळ्यात सुपारी कोळेरोगानेही गळते, आणि तुम्ही बागायतदार आहात, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून विभागीय कृषी कार्यालयाच्या अधिकाऱ्याला कुळागरात बोलावून पाहणीचा लेखी अहवाल घ्या : झाडं किती, रोग आहे की नाही, मुळांची स्थिती काय. जुन्या गोव्याला कृषी संशोधन परिषदेची किनारी शेती संशोधन संस्था आहे, तिथे मातीच्या तपासणीबद्दल विचारा. कोळेरोग निघाला तर सुपारीचा मुद्दा तक्रारीतून काढून टाका. एक खोटा मुद्दा खऱ्या तिघांना घेऊन बुडतो.

आणि एक वही घाला. आजच. तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, वास कसा, फेस किती, व्हाळाच्या पाण्याचा रंग कोणता. तिन्ही घरांनी आपापली वही ठेवावी, एकाची दुसऱ्याने उतरवू नये. रात्री वास आला तर रात्रीच लिहा. फोटो काढताना घागर किंवा बादली भरून ती अंगणात उजेडात ठेवा. विहिरीत वाकून काढलेल्या फोटोत काळोखापलीकडे काही दिसत नाही.

मंडळाबद्दल तुमच्या मनात राग आहे, तो पत्रातून दिसतो. दुपारी, सांगून-सवरून येऊन एक बाटली नेणं ही पाहणी नव्हे, हे खरंच आहे. तरीही मंडळाशी भांडू नका, मंडळाकडून काम करून घ्या. पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम २३ खाली मंडळाच्या अधिकाऱ्याला कारखान्यात शिरून पाहणी करता येते. कलम २१ खाली कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते, कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करून सील करावे लागतात. ही पद्धत पाळली नाही तर तो अहवाल खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा अर्जात स्पष्ट लिहा : विहिरीचा नव्हे, कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना, पूर्वसूचना न देता, पाऊस चालू असताना, कलम २१ प्रमाणे. मंडळाने एवढं केलं आणि दोष सापडला, तर कलम ३३-अ खाली कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज तोडण्याचा आदेश मंडळ देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात बजावलं आहे की ज्यांना संमतीपत्र लागतं अशा कारखान्यांचा ईटीपी चालू असेल तरच त्यांना चालू द्यायचं.

आता तुमच्या जाऊबाईंचं. त्यांची भीती खोटी नाही, आणि कंत्राटावरच्या पोराची नोकरी जाणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही. पण तुमची मागणी काय आहे ते त्यांना अर्ज दाखवून सांगा. ‘कारखाना बंद करा’ असं एकाही कागदावर लिहू नका. ‘ईटीपी कायम चालू ठेवा, आवारातला गाळ हलवा, आमच्या विहिरी पूर्ववत करा, तोवर पाणी द्या’ एवढं लिहा. माझ्या मते ही मागणी न्याय्यही आहे आणि मिळण्यासारखीही आहे. चांगला चालणारा ईटीपी असला तर त्या कारखान्यात काम करणारा मुलगाही अधिक सुरक्षित असतो. तो गाळ हाताळणारी, त्या टाक्यांजवळ उभी राहणारी माणसं कंत्राटावरचीच असतात. एक मात्र कटाक्षाने पाळा. त्या मुलाला आतले फोटो आणायला, आतली माहिती काढायला सांगू नका. कुणी गावकऱ्याने सुचवलं तरी नाही. तुम्हाला लागणारा प्रत्येक कागद मंडळाकडे आहे, आणि त्या पोराला यात ओढण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणाला नाही.

ग्रामसभा रविवारी असते. पुढच्या ग्रामसभेसाठी विषय आधीच लेखी देऊन ठेवा. ठराव साधा असावा : पंचायत, मंडळ, आरोग्य केंद्र आणि तिन्ही घरं यांची एकत्र पाहणी. ठराव इतिवृत्तात आला की नाही ते सचिवांकडून वाचून घ्या. तुमच्या एकटीच्या नावावर चाललेली तक्रार मोडायला सोपी असते, वाड्याची तक्रार तेवढी सोपी नसते.

तुरुंगाचं विचारलंत, तर आता कायद्याचा कल दंडाकडे आहे. पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ साली आला तेव्हा त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आला. दंड भरलाच नाही तर कैदेची गोष्ट येते. मोठ्या कारखान्याला १५ लाख म्हणजे काहीच नाही, आणि हा बदल मला मान्य नाही. पण तुमचं काम तुरुंगाने होणार नाही. कुणी आत गेलं म्हणून विहीर साफ होत नाही. तुम्हाला हवी आहे विहीर पूर्ववत होणं आणि झालेली नुकसानभरपाई, आणि ती हरित न्यायाधिकरणाकडे मागता येते.

इथे मुदतीकडे नीट लक्ष द्या. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खाली तक्रार करायची तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावी लागते, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. तुमच्या विहिरीला पहिला वास गेल्या वर्षी श्रावणात आला. ती मुदत सरली असं समोरची बाजू म्हणणारच. घाबरू नका, कलम १५ शिल्लक आहे. नुकसानभरपाई, मालमत्ता पूर्ववत करणं, पर्यावरण पूर्ववत करणं यासाठी त्या कलमाखाली पाच वर्षांची मुदत आहे. भरपाई कशाकशाची मागता येते याची यादी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि त्यात पिकं, झाडं, बागा, दुभती जनावरं ही सगळी नावानिशी आहेत. तेव्हा तुमच्या अर्जाचा पाया कलम १५ असू द्या. भरपाई मागितलेल्या रकमेच्या एक टक्का फी लागते, किमान एक हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही.

गोव्यासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. २०१७ मध्ये केंद्राने गोव्याची प्रकरणं दिल्लीला हलवली होती, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो आदेश त्याच वर्षी रद्द केला. कामकाज इंग्रजीतून चालतं, म्हणून तुमच्या मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागेल. वकिलाच्या खर्चाची काळजी नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोंड्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, तुमच्या नावाने. मिस्टरांच्या नावाने केलात तर उत्पन्नाचा दाखला मागतील.

किती वेळ लागेल, हे न सांगता हा रस्ता दाखवणं मला बरं वाटत नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथल्या रसायन कारखान्यांच्या गाळाने विहिरींचं पाणी गर्द तांबूस-काळं झालं. १९८९ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९९६ मध्ये निकाल लागला की जो घाण करतो त्यानेच निस्तरायचा खर्च द्यायचा, आणि तो ३७ कोटींहून जास्त ठरला. कारखानदारांनी त्यानंतर अर्जांवर अर्ज करत २०११ पर्यंत पैसे टाळले. शेवटी न्यायालयाने १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं. आज तुमच्या वकिलाला ज्या तत्त्वावर उभं राहता येतं, ते त्या गावच्या लोकांनी आपल्या विहिरी गमावून मिळवलेलं आहे. पण त्यात वीसहून जास्त वर्षं गेली ती अशी. म्हणूनच मी वही, दफ्तर आणि कलम २१ चा नमुना यावर एवढा भर देते. मंडळाच्या पातळीवर हे प्रकरण काही महिन्यांत मिटू शकतं. न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडा ठेवायचा, पण आत जायची वेळ न यावी अशी तयारी करायची.

एक वाट आणखी आहे आणि ती जवळची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३. लोकांच्या आरोग्याला बाधक असा उपद्रव दूर करण्याचा आदेश उपजिल्हाधिकारी देऊ शकतात. १९८० मध्ये रतलामच्या नगरपालिकेला गटारं साफ करायला सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखालच्या आदेशाने भाग पाडलं होतं. व्हाळात उघड्यावर सांडपाणी येताना तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत तर हा अर्ज त्याच दिवशी करा. नुसती विहिरीची तक्रार असेल तर आधी अहवाल हातात येऊ द्या.

मंडळाला द्यायच्या अर्जाचा मजकूर लिहून देते. मराठीतूनच द्या, १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीच्या वापरालाही जागा ठेवली आहे.

‘प्रति, सदस्य सचिव, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, साळगाव. विषय : विहिरींच्या पाण्याचे प्रदूषण. आम्ही खाली सही करणारी तीन कुटुंबे अमुक वाड्यावर राहतो. आमच्या विहिरींच्या पाण्याला अमुक तारखेपासून वास व फेस येत आहे, तारीखवार नोंदी सोबत जोडल्या आहेत. विहिरींच्या वरच्या अंगाला अमुक अंतरावर औद्योगिक वसाहत आहे. आपण अमुक तारखेला घेतलेल्या नमुन्याचा अहवाल आम्हाला लेखी मिळालेला नाही, तो द्यावा व कोणत्या मानकाशी पडताळला ते कळवावे. संबंधित कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना पूर्वसूचना न देता, पाऊस चालू असताना, १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घ्यावा. ईटीपीची नोंदवही, वीजमीटर व गाळाची चलने तपासावीत. कलम २५ (६) प्रमाणे नोंदवही पाहण्यास आम्हाला दिवस व वेळ द्यावी. तोवर पिण्याच्या पाण्याची सोय करण्याचे निर्देश द्यावेत.’

कारखान्याच्या नावापुढे ‘दोषी’ किंवा ‘विष सोडणारा’ असं काही लिहू नका, नुसतं ‘संबंधित कारखाना’. अब्रूनुकसानीची नोटीस यायला तेवढं निमित्त पुरतं. अर्जाच्या प्रती पंचायत, आरोग्य अधिकारी आणि उपजिल्हाधिकाऱ्यांना द्या, चारही ठिकाणी आवक शिक्का घ्या. मंडळाकडून १५ दिवसांत काही हालचाल झाली नाही तर याच अर्जाचा हवाला देऊन स्मरणपत्र पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. आणि संमतीपत्राची प्रत हातात आली की मला पुन्हा लिहा. पाण्यात नेमकं काय तपासायचं ते त्यातला कच्चा माल बघून ठरवू.